तुंबलंय कुठं, निस्तरतंय कोण?

अंगारकी चतुर्थी आली की राजूरच्या गणपतीला केवढी गर्दी होते, हे जालना जिल्ह्यातल्या कुणाला सांगायला नको. पायी निघालेली माणसं, गाड्या करून आलेले बाहेरगावचे भाविक आणि दर्शनाच्या निमित्तानं घरी उतरणारे पाहुणे. एरवी घरात पाच माणसं असतील तर त्या दिवशी पंधरा. घरची बाई भगर, साबुदाणा, चहा-साखर यांचा हिशेब करते. पण आणखी एक हिशेब ती मनातल्या मनात करत असते आणि तो कुणाला बोलून दाखवत नाही. संडासाचा. ‘आज तेवढा तुंबायला नको गं बाई!’

हे काही एकट्या राजूरचं नाही. लग्नघर असो, दिवाळीला लेकी माहेरी आलेल्या असोत, नाहीतर घरात म्हातारं माणूस आजारी असो, संडास तुंबला की घराची घडी विस्कटते. पुरुषमंडळी ‘आलोच’ म्हणून शेताकडं, नाल्याकडं जाऊन येतात. सुनेनं, वयात आलेल्या मुलीनं, सात महिन्यांच्या गरोदर बाईनं काय करायचं? ती पाणी कमी पिते, जेवण कमी करते, अंधार पडायची वाट बघते. लघवीच्या जागी जळजळ, बद्धकोष्ठ ही दुखणी मग मागं लागतात. आणि तुंबलेलं काढायला काठी घेऊन वाकतं कोण? तेही बहुतेक घरांत तीच.

‘सकाळी सकाळी हा काय विषय काढला,’ असं म्हणून कुणी नाक मुरडेल. पण मैत्रिणींनो, ज्या विषयावर नाक मुरडलं जातं, त्याचाच भार बाईच्या डोक्यावर मुकाट येऊन पडतो. म्हणून आज याच विषयाकडं नीट बघू या.

मोजलं काय, राहिलं काय

गेल्या पंचवीस वर्षांत गावोगावी संडास बांधण्याचं मोठं काम झालं, हे मान्यच करायला हवं. १९९९ मध्ये केंद्राचं संपूर्ण स्वच्छता अभियान आलं. २०००-०१ पासून आपल्या राज्यात संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं आणि गावं हातात झाडू घेऊन स्पर्धेत उतरली. २००३ मध्ये निर्मल ग्राम पुरस्काराची घोषणा झाली. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत मिशन आलं, पात्र कुटुंबाला संडासासाठी १२ हजार रुपये मिळू लागले. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं राज्य सरकारनं जाहीर केलं.

या सगळ्यात मोजदाद झाली ती बांधलेल्या संडासांची. दार, भिंती, भांडं दिसलं, फोटो निघाला, यादीत नाव चढलं. पण भांड्याच्या खाली जे असतं, म्हणजे पाइपाचा उतार, चेंबर, खड्डा, खड्ड्याभोवतीची माती, ते फोटोत येत नाही. आणि संडास तुंबतो तो तिथंच! दाराचा रंग उडाला म्हणून कुठला संडास बंद पडत नाही.

सरकारच्याही हे ध्यानात आलं. २०२० मध्ये मिशनचा दुसरा टप्पा मंजूर झाला तेव्हा भर होता सांडपाणी, कचरा आणि मैल्याच्या गाळाची व्यवस्था यांवर. पंधराव्या वित्त आयोगानंही २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी पंचायतींना दिलेल्या निधीपैकी ६० टक्के निधी बांधून दिला होता. त्यातला अर्धा पिण्याच्या पाण्यासाठी आणि अर्धा स्वच्छता व हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी. म्हणजे ‘संडास बांधून झाला, आता तुमचं तुम्ही बघा’ ही भूमिका कागदावर तरी संपली. घरात आणि गावात ती संपली का, हा खरा प्रश्न आहे.

आधी दुखणं कुठं आहे ते ओळखा

डॉक्टर पोट दुखतंय म्हटल्यावर लगेच सुरी उचलत नाही, आधी कुठं दुखतंय ते दाबून बघतो. तसंच इथं करायचं. तुंबण्याच्या जागा चारच : भांडं आणि त्याखालचा कोंबडा, तिथून चेंबरपर्यंतचा पाइप, चेंबर, आणि शेवटी खड्डा किंवा टाकी.

नुसता संडास तुंबला असेल आणि न्हाणीघर, मोरीचं पाणी नीट जात असेल, तर अडथळा बहुतेक कोंबड्यात आहे. बादलीभर कोमट पाणी उंचावरून एकदम ओता. उकळतं नको, चिनी मातीच्या भांड्याला तडा जातो. नाही सुटलं तर दांड्याचा रबरी पंप भांड्याच्या तोंडावर घट्ट बसवून दहा-पंधरा वेळा दाबा आणि ओढा. सळईनं टोचाटोची करू नका. कोंबडा फुटला तर पाणी साठायचं थांबतं आणि घरभर वास सुटतो, कारण खालची घाण हवा अडवून धरायचं काम त्या साठलेल्या पाण्याचंच असतं.

संडासात पाणी टाकल्यावर न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुडे येतात, मोरीचं पाणी मागं फिरतं, असं असेल तर अडथळा पुढं आहे, जिथं सगळे पाइप एकत्र येतात तिथं. आता चेंबरचं झाकण उघडा. चेंबर कोरडं असेल तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधे आहे. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर घरातला पाइप निर्दोष आहे, दुखणं पुढं, खड्ड्याकडं आहे. ही एवढी पारख बाईला आली की कारागिराला ‘सगळं फोडून बघावं लागेल’ असं म्हणता येत नाही. आणि झाकणावर फरशी बसवून ते कायमचं बुजवू नका. दिसायला छान दिसतं, पण दुखण्याच्या दिवशी ती फरशीच फोडावी लागते.

तुंबण्याची वेळसुद्धा बरंच काही सांगते. नव्या घरात पहिल्याच वर्षी तुंबला तर पाइपाला उतार कमी, किंवा बांधकामाचं सिमेंट, विटांचे तुकडे आत राहिलेले. हातानं पाणी टाकायच्या संडासाला उतार जरा जास्तच लागतो, दर तीन फुटांना दोन-अडीच इंच. गवंडी भिंत चढवायच्या घाईत असतो, त्या वेळी टेप घेऊन तुम्ही स्वतः मोजून घ्या. चार-पाच वर्षं नीट चालून मग तुंबू लागला तर खड्डा भरला. आणि पावसाळ्यात तुंबून दसऱ्यानंतर आपोआप सुटत असेल, तर दोष आपल्या काळ्या जमिनीचा. ही माती पाण्यानं फुगते आणि पाणी शोषेनाशी होते. म्हणून काळ्या रानात खड्डा घेताना बाहेरच्या बाजूनं फूटभर वाळूचा थर द्यावा लागतो. तो खर्च वाचवला की दर श्रावणात भोगावं लागतं.

शहरी भांडं, गावचं पाणी

आणखी एक गोष्ट. दुकानात गेल्यावर चकचकीत, पसरट भांडं डोळ्यात भरतं. पण ते शहरासाठी आहे, जिथं वर पाण्याची टाकी असते आणि एका वेळी आठ-दहा लिटर पाणी धाडकन सोडता येतं. ग्रामीण संडासाचं भांडं खोल आणि जास्त उताराचं असतं, त्याच्या कोंबड्यात पाणीही कमी साठतं. दीड-दोन लिटरात ते स्वच्छ होतं. घरात दिवसाला दहा वेळा वापर धरला, तर एका भांड्याला दोन कळशा पाणी लागेल आणि दुसऱ्याला आठ-दहा. त्या कळशा आणायच्या कुणी? २०१२-१३ च्या दुष्काळाचा फटका ज्या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त बसला, त्यांत जालना होता. पाणी कमी, म्हणून शहरी भांड्यात तांब्याभर पाणी टाकायचं, मग मैला पाइपात अडकून राहायचा, आणि मग तुंबलं म्हणून बाईनंच काढायचं. निवड दुकानात चुकली आणि शिक्षा मात्र घरातल्या बाईला!

मोरीचंही तसंच. चहाचा चोथा, खरकटं, भाकरीचं पीठ, तेलकट तव्याचं पाणी, केस हे सगळं पाइपात जाऊन चिकटतं. तवा-कढई आधी कागदानं पुसून घ्या, मोरीला बारीक जाळी लावा. राखेनं भांडी घासत असाल तर ती राख पाइपात बसून दगडासारखी होते, ती वेगळी गोळा करा. आणि अंघोळीचं, भांड्यांचं पाणी संडासाच्या खड्ड्यात मुळीच सोडू नका. मैल्यासाठी केलेला खड्डा त्या पाण्यानंच भरून जातो. त्याला वेगळा शोषखड्डा हवा. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीसारख्या गावांनी घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं घालवली, डास कमी केले. मराठवाड्यातल्या गावानंच ते करून दाखवलं आहे.

लाज आणि पॅड

आता जरा अवघड वाटणारी गोष्ट. अनेक घरांत संडास तुंबतो तो पाळीच्या पॅडमुळं. पॅडमध्ये पाणी शोषून फुगणारा पदार्थ असतो. एक पॅड आत गेलं की फुगून पाइपाला बूच बसतं. मुलींना हे ठाऊक नसतं असं नाही. पण कचऱ्याच्या डब्यात टाकलं तर भाऊ बघेल, वडील बघतील, कुत्रं उकिरड्यावरून ओढत नेईल. मग ती काय करणार?

८ मार्च २०१८ ला राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना ५ रुपयांत आठ पॅडचं पाकीट मिळू लागलं, बचत गटांच्या बायका ती विकू लागल्या. चांगलंच झालं. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठं, याची सोय प्रत्येक शाळेत, प्रत्येक गावात झाली का? २०१६ च्या घनकचरा नियमांत, पॅड बनवणाऱ्यांनी ते गुंडाळून टाकायला वेष्टन द्यावं आणि आपण ते गुंडाळून कोरड्या कचऱ्यात टाकावं, असं म्हटलं होतं. नियम झाला, पण गावात कचऱ्याची गाडीच येत नसेल तर गुंडाळून ठेवायचं कुठं? संडासात झाकणाचा एक डबा ठेवा आणि तो डबा कशाचा आहे हे घरातल्या पुरुषांनाही सरळ सांगा. दहा रुपयांच्या डब्यानं हजार रुपयांची फोडाफोड वाचते.

ॲसिड नको, आणि माणूस तर मुळीच नको

तुंबलं की पहिल्यांदा आठवतं ॲसिड. बाटलीवर संडास लखलखीत करणारं चित्र असतं ना! पण ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरिन वायू निघतो. कोंदट संडासात तो फुफ्फुसाला जाळतो. शिवाय ॲसिड, फिनेल भरमसाट ओतलं तर खड्ड्यातले मैला कुजवणारे जिवाणू मरतात, खड्डा लवकर भरतो. डाग निघतात, तुंबणं वाढतं.

आणि आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टाकी भरली म्हणून झाकण काढून कुणाला आत उतरवू नका. कितीही पैसे घेऊन कुणी तयार झालं तरी नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा इथं सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. पाच! टाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू साठलेले असतात. सुरुवातीला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वायू जास्त असला की नाकाला वास कळेनासा होतो, आणि माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. वरचा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही राहतो. म्हणूनच अशा बातमीत एकाच टाकीत दोन-चार जण गेल्याचं आपण वाचतो.

हाताने मैला उचलण्याच्या कामाला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे कलम नगरपालिकेला आणि ठेकेदाराला लागू आहे, तसंच माणूस कामाला लावणाऱ्या घरमालकालाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ३० लाख केली. पण तीस लाखांनी कुणाचं कुंकू परत येतं का? टाकीचं झाकण उघडताना घरची बाई अनेकदा तिथंच उभी असते, चहा-पाणी देत असते. ‘आत उतरायचं नाही, मशिनची गाडी बोलवा’ हे वाक्य तिच्या तोंडून आलं तर एक जीव वाचू शकतो. आपल्या पुढं उभा असलेला तो माणूसही कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा असतो.

दोन खड्ड्यांचं शहाणपण

मग भरलेल्याचं करायचं काय? याचं उत्तर सोपं आहे आणि जुनं आहे : दोन शोषखड्ड्यांचा संडास. एक खड्डा वापरायचा, दुसरा बंद ठेवायचा. पाच माणसांच्या घराला साधारण तीन फूट व्यासाचा, चार फूट खोल खड्डा तीन-चार वर्षं पुरतो. भरला की चेंबरमध्ये त्याचं तोंड वीट लावून बंद करायचं आणि दुसऱ्याचं उघडायचं. बंद खड्ड्यातला मैला दीड-दोन वर्षांत कुजून चहापत्तीसारखं कोरडं, बिनवासाचं खत होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत असा खड्डा रिकामा करायला स्वतः आत उतरले होते, ते लोकांची भीती जावी म्हणूनच. बंद टाकीतला ओला मैला वेगळा आणि हे मुरलेलं खत वेगळं, हा फरक मात्र कधीच विसरायचा नाही.

आपल्या मातीत हे शहाणपण त्याहून जुनं आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करून दाखवलं. देहूत सरकारी डॉक्टर म्हणून आलेल्या डॉ. मापुसकरांनी बांधलेले सुरुवातीचे संडास पावसाळ्यात टिकले नाहीत. ते खचले नाहीत, टिकणारे संडास कसे बांधायचे हे शिकले आणि आयुष्यभर त्यातच राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. यात्रेचं गाव म्हणून राजूरला देहूकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

मग आपल्याकडं लोक दहा-दहा फूट खोल टाक्या का बांधतात? ‘पोरांच्या पिढीपर्यंत भरायला नको’ म्हणून. त्यामागं खरी भीती असते ती ‘भरल्यावर हात कोण लावणार’ याची, आणि त्या प्रश्नाच्या पोटात जात लपलेली असते. डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात उत्तर भारतातल्या खेड्यांबद्दल हेच मांडलं आहे. आपण स्वतःला विचारून बघावं. आणि ज्यांच्याकडं दोन खड्डे आहेत त्यांनी आजच चेंबर उघडून बघावं. दोन्ही तोंडं एकदम उघडी तर नाहीत ना? तसं असेल तर दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतील, आणि दोन खड्ड्यांचा उपयोग शून्य. एक बंद करा आणि तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

पदर खोचून सभेला

घरातलं घरात झालं. पण मैला उपसायची गाडी, गटाराचा उतार, यात्रेच्या दिवसांतली जादा सोय हे एकटीच्या हातातलं नाही. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदा सांगतो. ती सभा बऱ्याच ठिकाणी रजिस्टर घरोघरी फिरवून, सह्या घेऊन उरकली जाते. यापुढं सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. मैला उपसायची गाडी कुठून येते आणि तिचा दर किती? ती तो मैला कुठं नेऊन टाकते, ओढ्यात तर नाही ना? स्वच्छतेच्या नावानं आलेला निधी कशावर खर्च झाला? आणि शाळेतल्या मुलींच्या संडासाचं चेंबर शेवटचं कधी उघडलं?

उत्तरं लगेच मिळणार नाहीत. पण प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या, पुढच्या सभेला तेच पुन्हा विचारता येतात. भाजीला दोन रुपये जास्त लागले तर आपण दुकानदाराशी भांडतो. ज्या कामापायी कंबर मोडते, चारचौघांत मान खाली जाते आणि कुठं कुठं माणूस जीव गमावतो, त्यासाठी एकदा सभेत उभं राहायला काय हरकत आहे?